कोड सर्वांचा, नाव कोणाचं?

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावाच्या नावाने एमआयडीसीचा एक ब्लॉक आहे आणि त्या ब्लॉकमध्ये फिनोलेक्स अकादमी हे १९९६ साली सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यापीठाच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला डेव्हऑप्सचे प्रयोग आले. त्यात जेनकिन्स, डॉकर, टेराफॉर्म अशी नावं आहेत. मुलं ती जर्नलमध्ये लिहितात, तोंडी परीक्षेत सांगतात, पुढे पुण्यामुंबईच्या मुलाखतींसाठी बायोडेटावर मांडतात. यातल्या जेनकिन्सचं नाव २०११ पर्यंत हडसन होतं. जुन्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला म्हणून ते बदलावं लागलं. टेराफॉर्म अभ्यासक्रमात आलं तेव्हा ओपन सोर्स होतं. ऑगस्ट २०२३ पासून ते तसं राहिलेलं नाही. त्याचा खुला राहिलेला कोड आज वेगळ्याच नावाने चालतो.

याहून जवळचं उदाहरण जवळपास प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये सापडेल. डेटाबेसचे प्रयोग करायला मुलं झॅम्प नावाचं पॅकेज टाकतात. त्याची छोटी खिडकी उघडली की ओळीने बटणं दिसतात. त्यात अपाचीखाली 'मायएसक्यूएल' लिहिलेलं असतं. बटण दाबलं की हिरवा रंग येतो आणि डेटाबेस सुरू होतो. पण २०१५ पासून त्या बटणामागे चालतो तो मायएसक्यूएल नव्हे, मारियाडीबी. पाटी जुनी राहिली, आतला माल बदलला. मुलांचं यात काही अडत नाही, क्वेरी चालते, गुण मिळतात. तरीही त्या एका बटणामागे वीस वर्षांचा व्यवहार दडलेला आहे. एक कंपनी विकली गेली, मग तिला घेणारी कंपनीही विकली गेली, आणि ज्याने मूळ प्रोग्राम लिहिला त्याला स्वतःच्या मुलीचं नाव मागे ठेवून बाहेर पडावं लागलं. मायकेल विडेनियस याच्या थोरल्या मुलीचं नाव माय आणि धाकटीचं मारिया. पहिली ओरॅकलकडे गेली, दुसरी त्याने २००९ मध्ये त्याच कोडवरून काढलेल्या फोर्कला, म्हणजे वेगळ्या शाखेला दिली.

ओपन सोर्सविषयी मराठीत जे लिहिलं-बोललं जातं त्यात परवान्याची चर्चा भरपूर असते. कोड वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो, विकताही येतो, हे सगळे सांगतात. नावाचं काय, हे फारसं कोणी सांगत नाही. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत या क्षेत्रात जी मोठी भांडणं झाली, त्यांच्या मुळाशी ही राहून गेलेली गोष्ट आहे. परवाना कोड देतो, नाव देत नाही. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सहावं कलम खास यासाठी आहे: व्यापारी नावं आणि ट्रेडमार्क वापरायची परवानगी या परवान्याने मिळत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत लेखकाला ट्रेडमार्कचे हक्क राखून ठेवायची मुभा स्पष्ट लिहिली आहे. एमआयटीसारखे छोटे परवाने याबाबत गप्प आहेत, आणि गप्प बसणं म्हणजे देणं नव्हे.

यात मुळात अन्याय काही नाही. फायरफॉक्सचा कोड कोणीही घ्यावा, त्यात जाहिराती घुसवाव्या आणि तो फायरफॉक्स म्हणूनच वाटावा, असं झालं तर फसतो तो साधा वापरणारा. नाव हे त्याच्यासाठी आश्वासन असतं. फायरफॉक्स बनवणारी मोझिला आणि लिनक्सची आवृत्ती देणारं डेबियन यांच्यात २००६ साली हाच पेच पडला. डेबियनने फायरफॉक्समध्ये स्वतःच्या दुरुस्त्या केल्या होत्या, मोझिलाला त्या आपल्या नावाखाली नको होत्या. डेबियनने नाव सोडलं आणि दहा वर्षं तो ब्राउझर आइसवीझल म्हणून दिला. २०१६ मध्ये समेट झाला आणि जुनं नाव परत आलं. दोन्ही बाजू सचोटीच्या असल्या की नावाचा वाद असाही मिटतो.

गुंता होतो तो नाव एका कंपनीच्या सातबारावर असतं आणि शेत मात्र शेकडो जण कसत असतात तेव्हा. कंपनीची नियत बदलेपर्यंत, किंवा ती कोणी विकत घेईपर्यंत, कोणाला काही खटकत नाही.

ओरॅकलने २०१० च्या जानेवारीत सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली, आणि एका वर्षात हा धडा दोनदा मिळाला. ओपनऑफिस हे लिखाण-हिशेबाचं पॅकेज सनने २००० साली खुलं केलं होतं. सरकारी कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत ते पोचलं होतं. ओरॅकल आल्यावर काम करणाऱ्यांना धास्ती वाटू लागली. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन उभं केलं आणि ओरॅकलला विनंती केली की ओपनऑफिस हे नाव या फाउंडेशनला द्या. तोवर तात्पुरतं म्हणून त्यांनी लिब्रेऑफिस हे नाव घेतलं. ओरॅकलने नाव दिलं नाही. उलट, फाउंडेशनमध्ये गेलेल्यांनी ओपनऑफिसच्या समितीतून बाहेर पडावं असं त्यांना सांगण्यात आलं. तात्पुरतं नाव कायमचं झालं. बहुतेक काम करणारे नव्या नावामागे गेले. पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं. म्हणजे नाव अखेर एका ना-नफा संस्थेकडे गेलं, फक्त जिथे माणसं होती त्या संस्थेकडे नाही.

त्याचा परिणाम आजही दिसतो. लिब्रेऑफिसच्या आवृत्त्या दर वर्षी येत राहिल्या. अपाची ओपनऑफिसची ४.१ ही शेवटची मोठी आवृत्ती २०१४ ची, त्यानंतर बारीक दुरुस्त्याच होत आल्या. पण जगभर लोक अजून 'ओपनऑफिस' असं शोधतात आणि तेच उतरवून घेतात. २०२० मध्ये ओपनऑफिसला वीस वर्षं झाली तेव्हा लिब्रेऑफिसने अपाचीला एक उघडं पत्र लिहिलं: निदान तुमच्याकडे येणाऱ्यांना सांगा की सुधारलेलं रूप दुसरीकडे आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही गत, आणि तिचा भुर्दंड पडतो तो ज्याला या भांडणाचा पत्ताही नाही अशा माणसावर. शाळेतला शिक्षक मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करायला फुकटचं काही शोधतो, ओळखीचं नाव दिसतं, ते टाकतो. देवनागरीच्या मांडणीतली, शुद्धलेखन तपासणीतली पुढची सुधारणा ज्या प्रकल्पात होत असते तो त्याला सापडतच नाही. नावाच्या भांडणात सगळ्यात मोठं नुकसान याचं होतं असं मला वाटतं, आणि कोर्टात याची बाजू मांडायला कोणी नसतं.

हडसनची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. सनमध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची याने ते लिहिलं होतं. प्रोग्रामरांनी दिवसभरात केलेले बदल आपोआप जुळवून, तपासून देणारं हे साधन. नावही सेवकाचं आणि चित्रही बटलरचं. प्रकल्पातल्या लोकांनी कोड दुसऱ्या ठिकाणी हलवायचं ठरवलं तेव्हा ओरॅकलने कळवलं की हडसन हा ट्रेडमार्क आमचा आहे. चर्चा फिसकटली. मग मतदान झालं. २१४ विरुद्ध १४ मतांनी नाव बदलायचं ठरलं आणि २९ जानेवारी २०११ ला जेनकिन्स हे नाव जाहीर झालं. चित्र बटलरचंच राहिलं. ओरॅकलने हडसन नंतर एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, काही वर्षं ते रेंगाळलं आणि २०१७ मध्ये बंद झालं. जेनकिन्स मात्र इतकं रुजलं की मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आलं.

या दोन प्रकरणांतून एक दिलाशाची गोष्ट निघाली: नाव गेलं तरी प्रकल्प जगू शकतो. पण ती अर्धीच खरी आहे. हडसन हे नाव प्रोग्रामरांपुरतं होतं, त्यांनी एका आठवड्यात पाटी बदलली. ओपनऑफिस हे नाव घराघरांत गेलेलं होतं, ते आजतागायत बदलता आलेलं नाही. नाव जितकं सामान्य माणसाच्या तोंडी, तितकं ते गमावणं महाग.

लिनक्सवरही हे संकट येऊन गेलं होतं. बॉस्टनच्या विल्यम डेला क्रोचे याने १९९४ मध्ये 'लिनक्स'च्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला आणि नोंदणी मिळाल्यावर लिनक्स विकणाऱ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. कंपन्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ट्रेडमार्क लायनस टॉर्व्हाल्ड्सच्या नावावर आला. सगळं जग ज्याच्यावर चालतं त्या प्रणालीचं नाव तीन वर्षं एका परक्या माणसाच्या कागदपत्रात अडकलं होतं, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. लिनक्स विकणारी कंपनी रेड हॅट आणि तिच्याच कोडवरून बांधलेलं सेंटओएस यांचा किस्साही जुनाच. रेड हॅटच्या वकिलांचं पत्र आल्यावर सेंटओएसने आपल्या संकेतस्थळावरून रेड हॅट हा शब्दच काढला आणि 'उत्तर अमेरिकेतला एक ठळक एंटरप्राइज लिनक्स विक्रेता' अशा अर्थाचं लांबलचक वर्णन वापरलं. २०१४ मध्ये रेड हॅटने सेंटओएसच नावासकट आपल्याकडे घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये जुन्या पद्धतीचं सेंटओएस थांबवत असल्याचं जाहीर झालं. पुण्यात, मुंबईत, जिथे जिथे सर्व्हर सेंटओएसवर होते तिथल्या लोकांना रॉकी किंवा अल्मा यांसारखा दुसरा पर्याय शोधावा लागला.

पुढची लाट क्लाउडची. तिच्यात न्याय-अन्याय इतका सरळ दिसत नाही. इलास्टिकसर्च हे शोधाचं साधन ओपन सोर्स होतं. ॲमेझॉनने २०१५ मध्ये ते आपल्या क्लाउडवर भाड्याने द्यायला सुरुवात केली, 'ॲमेझॉन इलास्टिकसर्च सर्व्हिस' या नावाने. कोड घ्यायची मुभा होतीच. पण मूळ कंपनीचं म्हणणं होतं की नाव वाचून ग्राहकाला वाटतं ही आमची आणि ॲमेझॉनची भागीदारी आहे. २०१९ मध्ये इलास्टिकने ट्रेडमार्कचा दावा लावला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या पुढे जाऊन परवानाही बदलला. ॲमेझॉनने जुन्या खुल्या कोडवरून ओपनसर्च काढलं, त्याच वर्षी आपल्या सेवेचं नाव बदललं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तडजोड झाली.

यात माझं मत स्पष्ट आहे. नावाच्या बाबतीत इलास्टिक बरोबर होतं. दुसऱ्याने घडवलेलं नाव आपल्या सेवेच्या पाटीवर लावायचं आणि मूळ माणसाला पुसायचं नाही, हे ओपन सोर्सच्या कुठल्याही अर्थाने मिळालेलं स्वातंत्र्य नाही. पण एका बलाढ्य कंपनीने नाव वापरलं म्हणून सगळ्यांसाठी परवाना बंद करणं ही दुसरीच गोष्ट. ज्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त्या पाठवल्या, चुका कळवल्या, इतरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांनी ते इलास्टिक कंपनीसाठी केलं नव्हतं. ते इलास्टिकसर्च या नावासाठी केलं होतं, आणि ते नाव आपलंही आहे अशी त्यांची समजूत होती. कागदावर ते कधीच त्यांचं नव्हतं. २०२४ मध्ये इलास्टिकने पुन्हा एजीपीएल हा खुला परवाना जोडला. तोवर ओपनसर्च वेगळं नांदत होतं, आणि त्याच वर्षी ते लिनक्स फाउंडेशनकडे गेलं.

टेराफॉर्मचं वळण असंच. ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने १० ऑगस्ट २०२३ ला परवाना बदलला. नाराज कंपन्यांनी आणि प्रोग्रामरांनी फोर्क काढला. त्याला आधी ओपनटीएफ म्हटलं, महिनाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू असं नाव ठरलं. लॅबमधल्या मुलासाठी फरक एका शब्दाचा आहे: आज्ञेत 'टेराफॉर्म' ऐवजी 'टोफू' लिहायचं, बाकी फायली बहुतांशी त्याच. पण नावाबरोबर आणखी एक दार बंद झालं. वेगवेगळ्या क्लाउडशी जोडणारे तयार भाग जिथून उतरवून घ्यायचे ती टेराफॉर्मची नोंदवही हॅशिकॉर्पची. तिच्या अटी बदलल्या आणि ती टेराफॉर्मसोबतच वापरायची असं झालं. ओपनटोफूवाल्यांना स्वतःची नोंदवही उभारावी लागली. नावासोबत डोमेन जातं, नोंदवही जाते, दस्तऐवज जातात, शोधयंत्रातली जागा जाते. हॅशिकॉर्पला पुढे आयबीएमने ६.४ अब्ज डॉलर्सला घेतलं. त्या किमतीत या नावाचा वाटा नसेल असं कोणी म्हणणार नाही.

रेडिस या डेटाबेसचं थोडक्यात सांगतो. साल्वातोरे सानफिलिप्पो याने २००९ मध्ये ते लिहिलं आणि पुढे नाव एका कंपनीकडे सोपवलं. ती कंपनी आधी रेडिस लॅब्स होती. २०२१ मध्ये तिने 'लॅब्स' गाळलं आणि प्रकल्प आणि कंपनी यांचं नाव एकच झालं. त्या दिवशी सावध व्हायला हवं होतं. २० मार्च २०२४ ला परवाना बदलला. आठच दिवसांत लिनक्स फाउंडेशनने व्हॅल्की जाहीर केलं, मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. हो, तेच ओरॅकल. व्हॅल्की सर्व्हरवर टाकलं की ते जुन्या रेडिसच्या नावाने दुवेही करून ठेवतं, म्हणजे जुन्या आज्ञा चालत राहाव्या. वर्षभरानंतर रेडिसही एजीपीएलवर परतलं, पण गेलेली माणसं व्हॅल्कीकडेच राहिली.

इथवर वाचून कोणाला वाटेल की नाव फाउंडेशनकडे दिलं की प्रश्न सुटला. वर्डप्रेसने ही आशा मोडली. जगातली चाळीस टक्क्यांहून जास्त संकेतस्थळं वर्डप्रेसवर आहेत, मराठीतली कितीतरी मासिकं आणि वृत्तस्थळंही. त्याचा ट्रेडमार्क ऑटोमॅटिक कंपनीने २०१० मध्येच वर्डप्रेस फाउंडेशनला दिला होता. तेव्हा त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्त होतं. पण व्यापारी वापराचे हक्क फाउंडेशनकडून परत ऑटोमॅटिककडेच होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑटोमॅटिकचा प्रमुख मॅट मलनवेग याने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली. ट्रेडमार्क वापरायचा तर उत्पन्नाचे आठ टक्के द्या, अशी मागणी होती. ती कंपनी ऐकेना तेव्हा तिचा वर्डप्रेसच्या मुख्य स्थळावरचा प्रवेश तोडला. तिच्या ग्राहकांची अद्यतनं अडली. तिचा लोकप्रिय जोडप्रोग्राम मुख्य स्थळावर ताब्यात घेऊन वेगळ्या नावाने ठेवण्यात आला. डब्ल्यूपी इंजिन कोर्टात गेलं आणि १० डिसेंबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने प्रवेश पूर्ववत करायचा अंतरिम आदेश दिला. फाउंडेशन होतं, कागदही होते, पण कंपनी, फाउंडेशन आणि मुख्य स्थळ या तिन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती राहिल्या. संस्था उभी करताना हे सैल सोडलं की तिच्या नावाचा उपयोग होत नाही.

नाव विकताच येऊ नये, अशी काही सोय असू शकते का? आहे, आणि ती रत्नागिरीच्या माणसाला ठाऊक आहे. हापूसचं कलम करायला कोणाची परवानगी लागत नाही. कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा कापतात, खोडाला चीर देतात, हापूसच्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. ही कोय कलमाची रीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणभर नेली. तेच कलम धारवाडला लावलं तरी कायदा आड येत नाही. पण त्याचं फळ 'रत्नागिरी हापूस' लिहिलेल्या पेटीतून वाशीच्या बाजारात आलं की कोकणातला बागायतदार हरकत घेतो. दरवर्षीची ही तक्रार आहे. ३ ऑक्टोबर २०१८ ला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी देवगड आणि रत्नागिरी यांनी वेगवेगळी नावं मागावी की एकच, यावर आपसातच बराच वाद झाला होता. अलीकडे गुजरातेतून 'वलसाड हापूस'च्या नोंदणीसाठी अर्ज झाल्यावर कोकणातले बागायतदार पुन्हा उभे राहिले.

हे मानांकन ज्या १९९९ च्या कायद्याने मिळतं त्याचं चोविसावं कलम ओपन सोर्सवाल्यांनी वाचण्यासारखं आहे. भौगोलिक मानांकन हस्तांतरित करता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. नोंदणी कृषी विद्यापीठाच्या आणि उत्पादकांच्या संस्थांच्या नावे असली तरी त्यांना ती विकता येणार नाही. पंचविसाव्या कलमाने तेच नाव कोणाचा खासगी ट्रेडमार्क व्हायलाही अडसर घातला आहे. ओरॅकल उद्या कोकणातले सगळे कॅनिंगचे कारखाने विकत घेऊ शकेल, हापूस हे नाव घेऊ शकणार नाही. हडसन, ओपनऑफिस, टेराफॉर्म, रेडिस यांना असं कुंपण नव्हतं.

आणि मूळ वाणात बदल केला तर? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून नवा वाण काढला, त्याला रत्ना हे नाव दिलं. रत्ना आणि हापूसचा संकर केला, त्याला सिंधू म्हटलं. हापूसचं रक्त असून हापूस म्हणवून घेतलं नाही. अक्षरांच्या क्षेत्रात ही शिस्त परवान्यातच लिहिलेली सापडते. मुंबईच्या एक टाइपने घडवलेली मुक्त किंवा बलू ही देवनागरी अक्षरं ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिली आहेत, त्यात मूळ लेखकाला नाव राखून ठेवायची सोय आहे. नाव राखलेलं असेल तर अक्षरांत फेरफार करणाऱ्याने आपलं नवं नाव द्यायचं. भांडण व्हायच्या आधीच नियम ठरलेला.

सॉफ्टवेअरला भौगोलिक मानांकन मिळणार नाही, ते मातीशी बांधलेलं नसतं. पण आपल्या ट्रेडमार्क कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्यांचा वापर इथल्या प्रकल्पांनी करून पाहिलेला मला दिसत नाही. एक सामूहिक चिन्ह, जे सभासदांच्या संघटनेच्या नावे नोंदता येतं. दुसरं प्रमाणन चिन्ह. त्याच प्रकारच्या मालाचा किंवा सेवेचा धंदा करणाऱ्याला ते नोंदता येत नाही आणि निबंधकाच्या संमतीशिवाय ते हस्तांतरित होत नाही. हापूसच्या कुंपणाच्या सगळ्यात जवळ जाणारी ही तरतूद आहे.

पोस्टग्रेस या डेटाबेसने बरंच आधी स्वतःची व्यवस्था केली. पुण्यात एंटरप्राइझडीबीचं मोठं केंद्र आहे, तिथले अनेक जण रोज पोस्टग्रेसवर काम करतात, पण पोस्टग्रेस त्या कंपनीचं नाही आणि दुसऱ्या कुणा कंपनीचंही नाही. नाव कॅनडातल्या एका ना-नफा संघटनेकडे आहे. त्याच्या कोडवरून ग्रीनप्लम निघालं, ॲमेझॉनचं रेडशिफ्ट निघालं, ती उत्पादनं आपापल्या नावांनी विकली गेली आणि कोणी कोणाशी भांडलं नाही. तरीही २०२१ मध्ये स्पेनमधल्या एका संस्थेने युरोपात आणि अमेरिकेत या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केल्याचं उघड झालं आणि पोस्टग्रेसच्या मुख्य गटाला जाहीर निवेदन काढून लढावं लागलं. नाव योग्य हाती असलं तरी राखण चालू ठेवावी लागते.

मुंबईत जन्मलेला सगळ्यात यशस्वी ओपन सोर्स प्रकल्प ईआरपीनेक्स्ट. रुषभ मेहतांच्या फ्रॅपे कंपनीने तो जीपीएलखाली ठेवला आहे, लहान कारखान्यांपासून रुग्णालयांपर्यंत तो वापरला जातो. ईआरपीनेक्स्ट आणि फ्रॅपे ही नावं कंपनीचे ट्रेडमार्क आहेत आणि त्यांच्या वापराचं धोरण कोडसोबतच दिलेलं आहे. कंपनीने आजवर परवान्याशी इमान राखलं आहे, म्हणूनच हे बोलायची हीच वेळ आहे. हॅशिकॉर्पबद्दलही २०२३ च्या जुलैपर्यंत लोक चांगलंच बोलत होते. २०२० मध्ये स्थापन झालेली फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था भारतातल्या अशा प्रकल्पांना आधार देते. तिच्यासारख्या संस्थेने नावांची विश्वस्त व्हावं, विश्वस्त मंडळात एका कंपनीची बहुसंख्या नसावी, आणि नावाबरोबर डोमेन, कोडच्या भांडाराचं मुख्य खातं आणि पॅकेजची नोंदणीही तिच्याकडे द्यावी, असं मला वाटतं. मिरजोळ्यात असो वा पुण्यात, आज एखादा मराठी शुद्धलेखन तपासनीस किंवा बागायतदारांसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहून खुला करणाऱ्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि व्यक्तींना, स्टार्टअपना, छोट्या उद्योगांना त्याचं शुल्क मोठ्या कंपन्यांच्या निम्मं आहे. तो अर्ज कोणाच्या नावाने भरायचा, एवढंच पहिल्या महिन्यात ठरवायचं असतं.